पूर्ण बोटांचे सायकलिंग ग्लोव्हज: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेले ग्लोव्हज उन्हाळा लागला तरी रोज हातात आहेत, त्यामुळे आता त्यांच्याबद्दल नीट लिहिता येईल. रोजचा रस्ता पुण्यातला, कोथरूड ते शिवाजीनगर, ऑफिसचा. रविवारी खडकवासला किंवा बोपदेव घाट. सायकल हायब्रिड. ग्लोव्हजना तळव्याला सिंथेटिक लेदर, वरून जाळीदार कापड, मनगटाला वेल्क्रो. किंमत हजाराच्या आत.

अर्ध्या बोटांचे सोडून हे का घेतले, ते आधी सांगते. तोल गेला की हात आपोआप पुढे येतो आणि बहुतेक वेळा जमिनीला आधी तळवाच टेकतो, त्यातही अंगठ्याखालचा आणि करंगळीखालचा मांसल भाग. गुडघा सोलवटला तर लंगडत का होईना, कामं उरकतात. तळवा सोलवटला की ब्रेक दाबता येत नाही, कणीक मळता येत नाही, भांड्यांना साबण लावताना जीव कळवळतो. बोटांची टोकंही खरचटतात आणि ती बरी होईपर्यंत साधं शर्टाचं बटण लावणं नकोसं होतं.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. बोपदेव घाटातून कोंढव्याकडे उतरताना एका वळणावर पावसाने वाहून आलेली बारीक खडी पसरली होती. वेग कमीच होता, पण पुढचं चाक सरकलं आणि मी उजव्या अंगावर पडले. हात डांबरावर घासत गेला. उठून पाहिलं तर करंगळीच्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढं लेदर झिजून पांढरं पडलं होतं, एक टाका उसवून आतली गादी दिसत होती. आतली कातडी नुसती लाल. त्याच पडण्यात उघडं कोपर मात्र चांगलंच सोललं आणि त्यात खडीचे कण रुतले. पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, आणि त्याच हाताने ब्रेक धरत मी उरलेला घाट उतरून घरी आले. या ग्लोव्हजचे सगळे पैसे तिथेच वसूल झाले, असं मी मानते.

कोपराबद्दल दोन शब्द, कारण असल्या जखमेत हयगय फार होते. आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवायचं, कण निघेपर्यंत. कण आत राहिले तर जखम पिकू शकते आणि वरची कातडी भरून आली तरी खाली काळसर डाग कायमचे राहतात. हळद, पावडर असलं काही भरायचं नाही. मलम लावून न चिकटणारी पट्टी बांधायची. रस्त्यावरच्या मळक्या जखमेला धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं का, तेही डॉक्टरांना विचारायचं. शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांपेक्षा जुनं असेल तर सहसा पुन्हा देतात.

ग्लोव्हज कातडी वाचवतात, हाड वाचवतील असं समजू नका. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला जो खळगा दिसतो, तिथे हात टेकून पडल्यावर दाबून दुखलं तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं आणि पहिल्या एक्स-रेमध्ये ते कधीकधी दिसतही नाही. म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात. सूज नाही म्हणून दुखणं अंगावर काढलं तर हाड जुळायला त्रास होतो.

आता रोजच्या वापराचं. लांबच्या राइडला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं, ते बरंच कमी झालं. त्या बोटांची नस तळव्याच्या कडेने जाते आणि हँडलवर भार टाकला की दाबली जाते. तिथे जेलची गादी आहे. पण गादी जाड म्हणजे चांगली असं नाही. मैत्रिणीचे जाड गादीचे घालून पाहिले, तर मुठीत ग्रिप नीट बसेना. पावसात बोटांवरच्या सिलिकॉनच्या रेघांमुळे ओला ब्रेक लिव्हर निसटत नाही, हे मला फार आवडलं. मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, चेंबरची झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे पावसात साबणासारखे होतात. त्यांच्यावर चाक असताना ब्रेक मारायचा नाही, वळायचं नाही. वेग आधीच कमी करायचा. त्यासाठी लिव्हर हलक्या हाताने आणि भरवशाने दाबता यायला हवा.

तक्रारीही आहेत. बोटाच्या टोकावर मोबाइल चालतो असं पाकिटावर लिहिलं होतं; घाम आला की चालत नाही. वेल्क्रो धुताना दुसऱ्या कपड्यांना धरतो आणि धागे ओढतो. पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली टाकूनही सकाळी दमट असायचे आणि वास मारायचा. उन्हात वाळवले तर तळवा कडक होतो, म्हणून सावलीतच. दुसरी जोडी असावी असं आता ठाम मत झालंय. एप्रिलच्या उन्हात पूर्ण बोटांचे उकडतात हे खरं, पण मी काढत नाही.

हेल्मेटच्या ऐवजी कुणी हे घेऊ नये. हेल्मेटला आतून ईएन १०७८ (युरोपचं सुरक्षा मानक) किंवा सीपीएससीचं (अमेरिकेचं) लेबल आहे का पाहा, आणि डोकं आपटल्यावर ते बाहेरून धड दिसलं तरी बदला. आतला फेस एकदा दबला की पुन्हा तेवढा मार सोसत नाही.

साइजबद्दल. लहान हातांच्या बायकांसाठी दुकानात निवड कमी असते, आणि एक साइज मोठा घेतला तर पडताना ग्लोव्ह हातावर फिरतो, गादी भलतीकडे जाते. दुकानात घालून मूठ घट्ट वळा. तळव्यावर घडी पडली तर मोठा आहे, बोटांच्या बेचक्यांत ताण आला तर लहान. मग तिथल्याच एखाद्या सायकलचा ब्रेक दोन बोटांनी दाबून बघा आणि त्यानंतरच पैसे द्या.