आरटीएल-एसडीआर डोंगल: नागपुरातल्या नंदनवनच्या गच्चीवर आठ महिने

पेन ड्राइव्हपेक्षा थोडे जाड, अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणातले आणि एका टोकाला अँटेनाची वायर पिळून बसवण्यासाठी सोनेरी जोड असलेले हे डोंगल मी गेल्या ऑक्टोबरमध्ये साडेतीन हजार रुपयांना घेतले. मूळचे हे यंत्र संगणकावर डिजिटल दूरदर्शन पाहण्यासाठी बनलेले. त्यातील रिअलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप अँटेनाकडून आलेला संकेत चित्रात न बदलता कच्च्या आकड्यांच्या रूपातही संगणकाकडे सोपवू शकते, हे २०१२ च्या सुमारास काही हौशी मंडळींच्या ध्यानात आले आणि तेव्हापासून ते स्वस्तातला सॉफ्टवेअर रेडिओ (एसडीआर, म्हणजे संकेत उलगडण्याचे काम संगणकातल्या प्रोग्रामवर सोपवणारा रेडिओ) म्हणून जगभर वापरले जाऊ लागले. सुमारे २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ एवढ्या विस्तीर्ण पट्ट्यात ते कोठेही लावता येते. माझा हेतू मात्र मर्यादित होता: विमानांचे बोलणे ज्या पट्ट्यात चालते तो ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा भाग आणि विमाने आपली जागा ज्यावर आपणहून सांगत असतात ती १०९० मेगाहर्ट्झची वारंवारता.

या छंदासाठी नागपूरसारखे गाव शोधून सापडणार नाही. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री येथल्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. आता तशी गरज उरलेली नाही, परंतु दिल्लीहून चेन्नई-हैदराबादकडे आणि मुंबईहून कोलकात्याकडे जाणारी वाहतूक आजही आपल्या डोक्यावरून किंवा थोडी बाजूने जाते. पस्तीस हजार फुटांवरच्या विमानाचा रेडिओ, मध्ये अडथळा नसेल तर, सुमारे सव्वाचारशे किलोमीटरपर्यंत पोहोचू शकतो. म्हणजे नंदनवनातल्या माझ्या दुमजली घराच्या गच्चीवरून, निदान कागदावर तरी, अर्ध्या मध्य भारताचे आकाश टप्प्यात येते.

प्रत्यक्षात काय येते हे सांगण्याआधी खरेदीची हकीकत सांगणे भाग आहे, कारण माझे पहिले डोंगल नकली निघाले. ऑनलाइन बाजारातल्या एका विक्रेत्याकडून ते आले होते. आवरण तेच, छापील नाव तेच. पण आकाशवाणीचे १००.६ लावले की स्टेशन आकड्यापासून थोडे बाजूला दिसे आणि अर्ध्या तासाने, डोंगल तापल्यावर, आणखी सरके. चांगल्या प्रतीच्या डोंगलमध्ये तापमानाप्रमाणे स्वतःला सावरणारा दोलक (वारंवारता नेमकी राखणारा भाग) असतो आणि त्याची चूक दहा लाखांत एक एवढीच असते, म्हणजे १२५ मेगाहर्ट्झवर अवघी सव्वाशे हर्ट्झ. साध्या दोलकात ती पन्नासपट असली तरी नवल नाही आणि मग तेच सरकणे सहा किलोहर्ट्झच्या पुढे जाते. एफएमवर तेवढे खपून जाते. विमानांच्या अरुंद वाहिनीत मात्र आवाज घुसमटतो. पैसे परत मिळायला सतरा दिवस लागले. दुसरे डोंगल अधिकृत विक्रेत्याकडून मागवले आणि या परीक्षणात पुढे जे काही आहे ते त्या दुसऱ्याविषयीच आहे.

विंडोजवर पहिल्या संध्याकाळी माणूस हमखास अडखळतो. डोंगल लावताच संगणक त्याला दूरदर्शनचे यंत्र समजून तसा ड्रायव्हर बसवून मोकळा होतो. तो काढून झॅडिग नावाच्या छोट्या प्रोग्रामने साधा यूएसबी ड्रायव्हर बसवावा लागतो आणि तेथे यादीत डोंगलची दोन नावे दिसतात, त्यांपैकी ‘इंटरफेस झिरो’ असे लिहिलेले निवडायचे असते. मी दुसरे निवडले आणि तासभर डोके खाजवत बसलो. त्यानंतर एसडीआर-शार्प किंवा एसडीआर++ यांपैकी कोणताही प्रोग्राम चालतो. मला दुसरा सुटसुटीत वाटला. गेन, म्हणजे संकेत किती मोठा करायचा ते, आपोआप ठरू न देता हाताने लावावा, कारण संकेताचे आकडे करणारा या डोंगलचा रूपांतरक केवळ ८ बिटांचा आहे आणि शहरातल्या जोरकस एफएम केंद्रांपुढे तो चटकन दबतो. सुरुवातीला १२० मेगाहर्ट्झच्या आसपास मला चक्क हिंदी गाणी ऐकू येत होती. एफएमचा पट्टा अडवणारी छोटी गाळणी वायरीत बसवल्यावर ती गेली. ही गाळणी वेगळी घ्यावी लागते आणि माझ्या मते ती डोंगलसोबतच द्यायला हवी होती.

सोबत आलेला अँटेना म्हणजे ओढून लांब करता येणाऱ्या दांड्यांच्या दोन जोड्या, एक तिवई आणि काचेला चिकटवायचा एक पेला. १२५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी २.४ मीटर, तिचा चौथा हिस्सा ६० सेंटीमीटर; म्हणून मोठ्या दांड्या शिंप्याच्या टेपने मोजून तेवढ्या बाहेर ओढल्या आणि एक वर, एक खाली अशा उभ्या लावल्या. विमानांचे संकेत उभ्या ध्रुवणाचे, म्हणजे उभ्या दिशेत हेलकावणारे, असतात, त्यामुळे दांड्या आडव्या ठेवल्या तर आवाज निम्म्याहून कमी होतो. मी दोन्ही प्रकारे करून पाहिले. खोलीतून गच्चीवर गेल्याने जो फरक पडला तो मात्र कोणत्याही सेटिंगने पडला नव्हता. अँटेना पाण्याच्या टाकीजवळच्या बांबूला बांधत असताना शेजारच्या काकूंनी विचारले, “काय जी, दूरदर्शन परत सुरू झालं का?”

खोलीत बसून केवळ वैमानिक ऐकू येत. विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरचा आवाज जमिनीवरून येतो आणि नंदनवन ते सोनेगाव यांच्यामध्ये सगळे शहर उभे आहे. यात फारसे बिघडत नाही, कारण उंची, दिशा किंवा धावपट्टी यांबाबत मिळालेली सूचना वैमानिकाने जशीच्या तशी उच्चारून दाखवायची असा नियम आहे आणि त्यामुळे एका बाजूच्या बोलण्यावरून दुसरी बाजूही कळते. गच्चीवर गेल्यावर दोन्ही बाजू येऊ लागल्या. नवख्याला पहिले आठ दिवस काहीच समजत नाही. ‘नाइनर’ म्हणजे नऊ, ‘ट्री’ म्हणजे तीन, ‘आयफ्लाय’ म्हणजे इंडिगो, ‘क्यूएनएच’ म्हणजे उंचीमापक लावण्यासाठीचा हवेचा दाब, एवढे कानात बसले की एकदम गाडी रुळावर येते.

हे सारे बोलणे आजही जुन्या एएम पद्धतीनेच चालते, याचे कारण मला फार आवडले. एफएममध्ये दोघे एकदम बोलले तर जोरकस आवाज दुसऱ्याला पूर्ण गिळतो आणि दुसरा कोणी बोलत होता हे कळतही नाही. एएममध्ये दोन्हींची सरमिसळ होऊन कर्कश शिट्टी ऐकू येते आणि कोणाचा तरी निरोप राहून गेला हे कंट्रोलरला समजते. या सोयीची किंमत आपण घरी मोजतो, कारण एएम प्रत्येक खरखर प्रामाणिकपणे पकडते. एलईडी दिवा, लॅपटॉपचा चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर या सगळ्यांचा त्रास होतो, पण नागपुरात सर्वांत मोठा वैरी कूलर. मार्चअखेरीस कूलर उतरवून खस लावली, मोटर सुरू केली आणि पडद्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिवळे पट्टे उमटले. डोंगल पाच मीटरच्या यूएसबी वायरीने लॅपटॉपपासून दूर नेल्यावर आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवल्यावर थोडा फरक पडला. शेजाऱ्यांच्या कूलरवर इलाज नाही.

उन्हाळ्याचा दुसरा परिणाम डोंगलवरच झाला. हिवाळ्यातसुद्धा ते हाताला चटका बसेल इतके तापते. मे महिन्यात गच्चीवरच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवले असता दुपारी दोनच्या सुमारास रोज बंद पडू लागले. आता ते जिन्याच्या सावलीत, धातूच्या पट्टीला टेकवून ठेवले आहे आणि तेव्हापासून तक्रार नाही.

मला सर्वाधिक समाधान मिळाले ते मात्र बोलणे ऐकण्यात नव्हे, तर एडीएस-बी संदेशांत. विमान १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा, उंची, वेग आणि ओळख सतत पाठवत असते. जागेचा संदेश सेकंदाला सुमारे दोनदा येतो आणि ११२ बिटांचा तो संदेश १२० मायक्रोसेकंदांत संपतो. डंप१०९० हा मोफत प्रोग्राम त्याचा नकाशा काढून देतो. येथे लांबलचक दांड्या नकोत. तरंगलांबीचा चौथा हिस्सा केवळ ६.९ सेंटीमीटरचा, म्हणून मी टीव्ही केबलचा तुकडा सोलून आतली तार तेवढी मोकळी सोडली आणि काम भागले. पूर्वेकडे रायपूरच्या पलीकडची विमाने नियमित दिसतात. पश्चिमेला उंच इमारत असल्याने निम्मे अंतरही मिळत नाही.

आता लष्करी बाजू. सैन्याची विमाने प्रामुख्याने २२५ ते ४०० मेगाहर्ट्झमध्ये बोलतात आणि डोंगल तेथपर्यंत सहज पोहोचते, म्हणून विक्रेते ते मोठ्या अक्षरांत लिहितात. अमेरिकेत असे ऐकण्यास बरीच मोकळीक आहे. आपल्याकडे ती समजूत धरून चालू नये. १९३३ च्या बिनतारी तार कायद्याने परवान्याविना बिनतारी यंत्र बाळगण्यावरच निर्बंध घातले होते आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात संदेश बेकायदा मधल्यामध्ये पकडणाऱ्यास कारावासाची तरतूद आहे. माझ्याकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आहे, पण तो हौशी पट्ट्यांपुरता. विमानांच्या पट्ट्याला तो लागू होत नाही. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय ज्या गावात आहे तेथे राहून मी त्या पट्ट्याकडे एकदाही वळलो नाही, नागरी संभाषणही कधी ध्वनिमुद्रित केले नाही, आणि खरेदीआधी प्रत्येकाने कायदा स्वतः वाचावा असे मला वाटते. ‘मिलिटरी बँड’ हे शब्द खोक्यावर वाचून कोणी हे डोंगल घेणार असेल तर त्याने घेऊ नये.

इतरांना मी ते पाचपैकी चार गुण देऊन सुचवेन. एक गुण तापण्याबद्दल आणि गाळणी न दिल्याबद्दल कापला आहे. साडेतीन हजारांत बाराशेची गाळणी आणि तीनशेची यूएसबी वायर मिळवून पाच हजारांचा अंदाज धरावा, गच्ची आपली नसेल तर घरमालकांना आधी विचारावे, आणि पहिली जुळवाजुळव शक्यतो कूलर लागायच्या आत उरकावी.