डीएचएस हरिकेन ३ निओ: मा लाँगच्या फोरहँडचं रबर आपल्या बॅटला मानवेल का?

टेबल टेनिसपटू मा लाँग २००६ साली ब्रेमेनला सांघिक विश्वविजेत्या चिनी संघात होता, तेव्हा खेळाडू सामन्याआधी स्पीड ग्लू, म्हणजे रबराचा वेग वाढवणारा गोंद, लावत होते. २००८ मध्ये त्यावर बंदी आली. २०१४ मध्ये सेल्युलॉइडच्या चेंडूची जागा प्लास्टिकच्या चेंडूने घ्यायला सुरुवात केली आणि स्पिन घटला. त्यानंतरही त्याने २०१५, २०१७ आणि २०१९ अशी सलग तीन एकेरी विश्वविजेतेपदं, रिओ आणि टोकियोत एकेरीचं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. पॅरिसच्या सांघिक सुवर्णाने त्याची ऑलिंपिक सुवर्णं सहा झाली. त्याच्या फोरहँडला मात्र कडक स्पंजचं चिकट चिनी रबरच राहिलं. डीएचएस या चिनी कंपनीचं हरिकेन ३ निओ हे त्याच घराण्यातलं, दुकानात मिळणारं रबर.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. राष्ट्रीय संघाला मिळतं ते निळ्या स्पंजचं, निवडून काढलेलं रबर. निओचा स्पंज नारिंगी असतो आणि कारखान्यातच त्यावर प्रक्रिया केलेली असते. पाकिटावर मा लाँगचा फोटो असला तरी आतलं रबर त्याच्या बॅटवरचं नसतं. तरीही पैसे वाया जात नाहीत, कारण दोन्हींचा स्वभाव एकच आहे.

नव्या रबरावरची प्लास्टिक फिल्म काढा, चेंडू दाबून ठेवा आणि बॅट उलटी करा. चेंडू काही क्षण लटकून राहतो. सर्व्हिसमध्ये या चिकटपणाचं सोनं होतं. स्पंज चेंडूला उगाच उसळी देत नाही, त्यामुळे आखूड, भरपूर स्पिनची सर्व्हिस समोरच्याच्या बाजूला दोनदा टप्पा घेते. आखूड पुशही (खालून कापून परतवलेला चेंडू) जाळीलगत खाली राहतो. पहिल्या लूपला (खालून वर घासत मारलेला टॉपस्पिन फटका) समोरच्याच्या ब्लॉकवरून, म्हणजे बॅट आडवी धरून अडवलेल्या फटक्यावरून, चेंडू उंच उडतो. या बाबतीत याच्या तोडीची युरोपी रबरं फार थोडी.

अडचण ब्लॉकमध्ये आहे. युरोपी रबर अर्ध्या हाताच्या फटक्यालाही चेंडू पलीकडे फेकून देतं. निओ तसं करत नाही. बॅट नुसती धरून ठेवली तर चेंडू जाळीत जातो किंवा आखूड पडून मार खातो. ब्लॉक करतानाही मनगट थोडं पुढे न्यावंच लागतं. लूपला तर पायापासून सुरुवात हवी: उजवखोऱ्याने वजन उजव्या पायावर घ्यायचं, कंबर वळवायची, चेंडू शरीराच्या पुढे आणि टप्प्याच्या शिखरावर घ्यायचा, शेवटी कोपरापुढचा हात झपकन आत. मा लाँगचा फोरहँड संथ गतीत पाहा, खांद्याआधी कंबर फिरते. नुसत्या खांद्याने ओढणाऱ्याचा चेंडू कमकुवत जातो आणि काही आठवड्यांत खांदा दुखू लागतो. रबर जडही आहे. कापल्यावर साधारण ४८ ते ५० ग्रॅम भरतं, त्यामुळे बॅट डोक्याकडे झुकते. मनगट नाजूक असेल तर हलकं ब्लेड (बॅटचा लाकडी भाग) निवडा.

कडकपणा ३९ अंशांचा घ्या. ४० आणि ४१ रोज दोन-तीन तास सराव करणाऱ्यांसाठी. हा आकडा युरोपी रबराच्या ४७.५ शी ताडू नका, मोजपट्टीच वेगळी आहे. ब्लेड पाच थरांचं लाकडी किंवा गाभ्यालगत फायबर असलेलं ठेवा, मा लाँगचं हरिकेन लाँग ५ याच जातीचं. बाहेरच्या थराखालीच कार्बन असलेल्या ताठ ब्लेडवर चेंडू स्पंजमध्ये रुतण्याआधीच सुटतो आणि रबराचा गुणच हरवतो.

चिकटवताना घाई नडते. पाण्यावर आधारित ग्लू स्पंजवर पातळ पसरवा, पांढरा रंग जाऊन पारदर्शक होईपर्यंत थांबा, मग दुसरा हात द्या, कारण हा स्पंज ग्लू पितो. ब्लेडवर एक हात पुरे. मुठीकडून सुरुवात करून रबर नुसतं टेकवत न्या, ताणू नका. ताणलेलं रबर आणि ओसरत जाणारी कारखान्यातली प्रक्रिया मिळून पुढे शीट आक्रसते आणि कडेचं लाकूड उघडं पडतं. म्हणून कापतानाही ब्लेडच्या कडेबाहेर केसभर रबर राहू द्या, पण स्पर्धेआधी ते कडेबरोबर करून घ्या. नियमानुसार रबर ब्लेडच्या कडेपर्यंतच हवं आणि ग्लूसकट जाडी ४ मिलिमीटरच्या आत. बूस्टरचं, म्हणजे स्पंज फुगवून उसळता करणारं, तेल लावण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका, आयटीटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघ) नियमात खेळाडूने रबरावर कसलीही प्रक्रिया केलेली चालत नाही.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दमट हवेचा थर बसला की हे रबर साफ घसरतं, आणि चेंडू अचानक लांब किंवा जाळीत जाऊ लागतो. गेमच्या मध्ये टॉवेलने पुसा. खेळून झाल्यावर ओलसर स्पंजने धूळ काढा, वाळू द्या आणि फिल्म हवेचा बुडबुडा न ठेवता लावा. रोज खेळणाऱ्याचा चिकटपणा काही महिन्यांत उतरतो, पण पकड त्यानंतरही बराच काळ टिकते. चिकटपणा गेला म्हणून लगेच नवं आणायची गरज नाही. मधोमध गुळगुळीत चकाकी दिसू लागली की बदला.

बॅकहँडला हे लावू नका. तिथे फटका छोटा, वेळ कमी. मऊ युरोपी किंवा जपानी रबर बरं. वर्षभरही नीट शिक्षण न झालेल्याने फोरहँडलाही थांबावं. कंबरेने लूप मारता येणाऱ्याने मात्र ३९ अंशांचं, २.१५ मिलिमीटर स्पंजचं काळं निओ बेधडक घ्यावं आणि किमान महिनाभर दुसऱ्या रबराला हात लावू नये, कारण बॅटचा कोन नव्याने बसायला तेवढा वेळ लागतोच.