"तुला अजून तुझी गोळी सापडली नाहीये" या एका वाक्यावर मी चार महिने फसलो

मी पेनसिल्व्हेनियात राहतो, मूळचा कुडाळकडचा. आमच्याकडे ठासणीची बंदूक काय ते कुणाला सांगावं लागत नाही, आजोबांकडे शेतीसंरक्षणाचं लायसन होतं, वरून दारू ओता, गजाने ठासा, छर्रे टाका, केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) लावा, झालं काम. त्यामुळे इथल्या एका गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या बाजारात, ती ५० कॅलिबरची (म्हणजे अर्धा इंच भोकाची) लांबलचक फ्लिंटलॉक, गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी ठासणीची बंदूक, दिसली तेव्हा मला वाटलं यातलं आपल्याला कळतं. पहिला गाढवपणा तोच. आजोबांच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, हिच्यात आटे, म्हणजे आतून पिळदार खाचा, आणि आटे आले की गोळीच्या मापाचा जो खेळ सुरू होतो त्यातलं मला ओ की ठो येत नव्हतं. इथे ख्रिसमसनंतर हरणांचा फ्लिंटलॉक सीझन असतो, त्याच्या आत हातात हवी होती, म्हणून घाई पण होतीच.

विकणारा माणूस एकदम गोड. कापडाची तेल लावलेली चकती, म्हणजे पॅच, नळीच्या तोंडावर ठेवला, त्यावर गोळी, अंगठ्याने दाबून म्हणाला बघ कशी घट्ट बसते. आत टॉर्च मारला तर तेलाने नुसतं चकाचक. ६५० डॉलर रोख दिले, वर "याच नळीसाठी ओतलेल्या शुद्ध शिशाच्या" १०० गोळ्या ४० डॉलरला. पावती नाही. इथल्या केंद्रीय कायद्यात असल्या ठासणीच्या बंदुकांच्या नकला फायरआर्ममध्ये धरत नाहीत, त्यामुळे दोन माणसांत रोखीने व्यवहार होतो आणि कागद कुठेच उरत नाही. तेव्हा मला ही सोय वाटली होती!

रेंजवर गेलो. ५० यार्डांवर दहा गोळ्या मारल्या, जेवायच्या ताटाएवढ्या गोलात पसरल्या, दोन तर कुठे गेल्या देवाला ठाऊक. फोन केला. म्हणाला गोळी बारीक पडतेय, ०.४९० इंचाची सोड, ०.४९५ घे, माझ्याकडेच आहेत. घेतल्या, अजून ४० डॉलर. मग म्हणाला पॅच पातळ आहे. मग म्हणाला जाड आहे. मग दारू ७० ग्रेनवरून (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) ६० वर आण. आणि दर वेळी शेवटी तेच, "प्रत्येक नळीची एक आवडती गोळी असते मित्रा, तुला अजून ती सापडली नाहीये."

आता यातली मेख अशी की तो जे बोलत होता ते खोटं नव्हतं. ५० कॅलिबरला खरंच ०.४९० किंवा ०.४९५ चीच गोळी लागते, उरलेली फट पॅच भरतो, पॅच ०.०१० पासून ०.०२० इंचापर्यंत मिळतात, आणि यातलं एकेक बदलून बघत बसणं हाच या छंदाचा अर्धा भाग आहे. त्यामुळे शंका घ्यायला जागाच नाही, दोष आपलाच वाटतो, बायको विचारायची झाली का रे नीट, मी म्हणायचो अगं गोळी शोधतोय.

उडालेले पॅच मात्र मी गोळा करून ठेवत होतो, हे एक बरं केलं. चांगला पॅच मधे काळा आणि कडेने दशा निघालेला असतो पण अख्खा असतो, माझे सगळे चिंध्या झालेले. ते क्लबातल्या एका म्हाताऱ्याला दाखवले. तो गोळीबद्दल अक्षर बोलला नाही. गजाला घट्ट कोरडा पॅच लावला आणि म्हणाला तूच ढकल, हळू. पहिले नऊ-दहा इंच जोर लागत होता, पुढे एकदम सैल, मग खरखर, आणि पॅच बाहेर आला तो विटकरी रंगाचा. पोटात गोळाच आला.

गनस्मिथने मागचा ब्रीचप्लग, म्हणजे नळीचं मागचं बूच, काढून नळी आतून मोजली. तोंडाशी भरलं ०.५००, मधे ०.५०७, शिवाय गंजाचे खड्डे. म्हणजे नळीच्या तोंडाला घट्ट बसणारी गोळी मधे हलत होती, पॅच खड्ड्यांवर फाटत होता. अशा नळीला कुठलीच गोळी आवडणार नाही, जन्मभर शोधत बसलो असतो. विकणाऱ्याने दाखवलं ते फक्त तोंड, आणि ते तेल गंज झाकायला होतं.

मग गोळ्या पण वजनाला लावल्या. शुद्ध शिशाची ०.४९० ची गोळी साधारण १७७ ग्रेन भरते. माझ्या १६३ ते १७१, दोन सारख्या मिळाल्या तर नशीब. नखाने ओरखडा उठत नव्हता, भंगारातलं कडक शिसं ओतलेलं, आत हवेचे पोकळ बुडबुडे. फोन केला तर नंबर बंद.

तर मंडळी, कुणी घेत असाल तर आधी गज आत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा, तोच गज बाहेरून नळीला लावा, तो मागे कानापर्यंत, म्हणजे ठिणगी आत जाते त्या भोकापर्यंत पोचला नाही तर आत काहीतरी भरलेलं आहे, हात लावू नका. मग तेल पुसायला सांगा आणि कोरडा घट्ट पॅच स्वतःच्या हाताने टोकापर्यंत ढकला. विकणारा "नको, ऑइल केलंय" म्हणाला तर पुढच्या टेबलावर जा. गोळ्या त्याच्याकडून घेऊच नका.

नळीच्या भिंती जाड होत्या म्हणून गनस्मिथने ती ५४ कॅलिबरला मोठी करून दिली, त्याचे वेगळे पैसे गेले, ते सांगत नाही. आता ०.५३० ची गोळी आणि उशीच्या अभ्र्याचं ०.०१८ चं कापड, दुसऱ्याच दिवशी जमलं. त्या जुन्या गोळ्या वितळवून गळाची वजनं केली, मासे पकडायला.