खाली गाळे, वर घर: शाहूपुरीतील नव्या इमारतीत वर्षभराहून अधिक काळ राहिल्यानंतर

कोल्हापूरच्या शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरपासून चालत जाता येईल अशा एका नव्या इमारतीत आम्ही २०२४ च्या दसऱ्याला राहायला आलो. तळमजल्यावर नऊ गाळे, त्यावरचा पहिला मजला पूर्ण पार्किंगचा आणि त्याच्या वर सहा मजले सदनिका अशी इमारतीची रचना आहे. ताबा मिळाल्यापासून आमच्याकडे जे वाद झाले, त्यांतले बहुतेक या नऊ गाळ्यांवरून झाले. शहराच्या मध्यभागी जुने वाडे आणि वखारी पाडून उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या जाहिरातींत मात्र जिम, बाग आणि दर्शनी कमानीची चित्रे असतात. गाळ्यांत काय येणार याविषयी एक ओळही नसते. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. पार्किंगचा प्रश्न अजून मिटलेला नसल्यामुळे इमारतीचे आणि बांधकाम व्यावसायिकाचे नाव देत नाही.

घराबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. खोल्यांना उजेड आहे आणि चटईक्षेत्र करारात लिहिले होते तेवढेच भरले. पहिल्या पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली, ती लेखी कळवल्यावर दुरुस्त करून मिळाली. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्यानुसार ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विनामोबदला दूर करण्याची जबाबदारी विकसकावर असते, हे पत्रात नमूद केल्यावर काम लवकर झाले. लिफ्ट दोन आहेत आणि पुरतात. घराविषयी एवढे सांगितले की पुरे.

गाळ्यांचा वाद ताबा मिळण्याच्या आधीच सुरू झाला होता. बुकिंग केलेल्यांपैकी काहींचे म्हणणे असे होते की, एवढे पैसे मोजून घर घेतल्यावर खाली भजी तळली जाणार असतील, तर उपनगरात फाटक असलेल्या वसाहतीत राहणे काय वाईट? उलट बाजूचे म्हणणे होते की, शाहूपुरीची स्थापनाच शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारी पेठ म्हणून केली, गुळाचा व्यापार तिथे वाढला, आणि पेठेत राहायचे पण दुकान नको हा हट्ट चालायचा नाही. तळमजल्यावर सदनिका ठेवण्याचा पर्याय तर कोणीच मांडला नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरी कुंभार गल्लीचा परिसर पाण्याखाली गेलेला सर्वांनी पाहिला आहे. आमची इमारत लाल पूररेषेच्या (मोठ्या पुराच्या आखलेल्या हद्दीच्या) बाहेर असली, तरी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली की या भागातला कोणीही माणूस तळमजल्यावर निश्चिंत झोपत नाही. दुकानातला माल वर चढवता येतो, बिऱ्हाड हलवणे अवघड. तेव्हा खाली एक तर पार्किंग किंवा गाळे, एवढेच पर्याय उरतात.

मी स्वतः गाळ्यांच्या बाजूची आहे, आणि इथे राहून ते मत बदललेले नाही. मात्र पेठेचा दाखला देणाऱ्यांच्या युक्तिवादात एक मोठी त्रुटी आहे. माझे सासरचे जुने घर मंगळवार पेठेत होते. खाली दुकान, वर माडी. तिथे दुकानदार आणि घरमालक एकच, किंवा दुकानदार त्याच घरातला जुना भाडेकरू असे. स्वतःच्या भट्टीचा धूर स्वतःच्याच माडीवर जात असल्यामुळे धुराड्याची काळजी कोणाला सांगावी लागत नसे, आणि ओट्यावर सायकली कशा लावायच्या याचा निकाल तिथल्या तिथे लागे. नव्या इमारतीत गाळ्याचा मालक गुंतवणूकदार असतो आणि बहुधा परगावी राहतो. दुकान चालवणारा अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर आलेला असतो. आणि धूर तिसऱ्याच माणसाच्या स्वयंपाकघरात जातो. तक्रार केली तर दुकानदार मालकाकडे बोट दाखवतो, मालक विकसकाकडे आणि विकसक मंजूर नकाशाकडे. खाली दुकान, वर घर ही जुनी रचना आपण उचलली, पण ती ज्या नात्यावर चालत होती ते नाते करारात कुठेच लिहिले नाही.

नऊपैकी सहा गाळे आज सुरू आहेत. औषधाचे दुकान, दुधाचे केंद्र आणि रक्ततपासणीचे नमुने घेणारे एक केंद्र यांचा उपयोग इमारतीतील प्रत्येक घराला होतो. माझ्या सासूबाईंचे वय झाले आहे. औषध किंवा दूध आणायला त्या कोणाची वाट न पाहता स्वतः खाली जाऊन येतात, आणि औषधाच्या दुकानदाराला त्यांच्या गोळ्यांची नावे माझ्यापेक्षा चांगली पाठ आहेत. मुलगी क्लासहून उशिरा परतते तेव्हा दारासमोर दिवे असतात, दोन ओळखीची माणसे काउंटरवर असतात. हा फायदा कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेला नव्हता, पण रोज मिळतो. चौथ्या गाळ्यात झेरॉक्स आणि टंकलेखनाचे दुकान आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुख्यालयाबाहेर बसणारे खंडपीठ) भाऊसिंगजी रोडवर सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झाले, त्यानंतर या दुकानाचे काम डोळ्यांत भरण्याइतके वाढले. सहा जिल्ह्यांतून पक्षकार आणि वकील येऊ लागल्यावर मध्यवस्तीत कार्यालयासाठी गाळ्यांची चौकशीही वाढली. वकिलाचे कार्यालय हा वरच्या मजल्यांच्या दृष्टीने आदर्श शेजारी होय: ना वास, ना आवाज, आणि संध्याकाळी लवकर कुलूप. पाचव्या गाळ्यात मोबाईल दुरुस्ती आहे. त्याविषयी ना स्तुती ना तक्रार.

चालू गाळ्यांपैकी मनस्ताप दिला तो सहाव्या गाळ्याने. तिथे वडापाव, भजी आणि मिसळीचे नाश्ता केंद्र आले. मिसळ उत्तम असते हे मान्य केले पाहिजे. पण गाळ्याचा नकाशा करताना तिथे तळण होईल असे कोणी गृहीतच धरलेले नव्हते. धुरासाठी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जाणारा स्वतंत्र डक्ट (धुराचा बंदिस्त मार्ग) नव्हता, म्हणून मागच्या भिंतीत भोक पाडून पंखा बसवला गेला. धूर पार्किंगच्या मजल्यातून फिरून दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मागच्या खिडक्यांत येऊ लागला; वाळत घातलेल्या कपड्यांना तेलाचा वास लागला. १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर मागच्या बोळात, जिन्याच्या वाटेवर ठेवले जात. अनेक महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर मागच्या भिंतीला लागून पत्र्याचा डक्ट गच्चीच्या वर नेण्यात आला आणि सिलिंडरसाठी बाहेरच्या बाजूला जाळीचा कप्पा झाला. वास आता पुष्कळ कमी आहे. पण असा डक्ट बांधकामाच्या वेळीच ठेवला असता, तर दिसलाही नसता आणि त्यासाठी लागलेल्या खर्चाचा थोडाच भाग पुरला असता. नंतर खर्च कोणी करायचा, यावरच निम्मे महिने गेले.

आवाजाचा त्रास मला वाटला होता त्यापेक्षा बराच कमी आहे, आणि त्याचे श्रेय मधल्या पार्किंगच्या मजल्याला आहे. गाळे आणि पहिली सदनिका यांच्यामध्ये एक पूर्ण मजला असल्यामुळे शटर ओढल्याचा आवाज वरपर्यंत येतो तो दबलेला असतो. ज्या इमारतींत गाळ्याच्या छतावर थेट कोणाची तरी झोपण्याची खोली आहे, तिथली अवस्था वेगळी असते. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानंतर महाराष्ट्रात बहुतेक साध्या दुकानांना चोवीस तास उघडे राहण्याची मुभा आहे, त्यामुळे ‘कायद्याने नऊला बंद करा’ असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. हाती उरतो तो रात्री दहानंतरचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आणि आपापसांतला करार. आम्ही नाश्ता केंद्राशी दहाची वेळ ठरवून घेतली आहे आणि ती पाळली जाते.

पार्किंगचे मात्र काहीच ठरलेले नाही. कोल्हापुरात दुचाकी नाही असे घर शोधावे लागेल. गिऱ्हाईक पाच मिनिटांसाठी येते आणि गाडी रॅम्पच्या तोंडाशी लावते. त्यातच काही गाळेमालकांचे म्हणणे असे की, गाळ्याबरोबर समोरची मोकळी जागाही आपल्याला तोंडी दिली गेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे की, इमारतीखालची खुली पार्किंगची जागा विकसकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सामाईक असते. समोरच्या मोकळ्या सोडलेल्या जागेवर तोंडी हक्क सांगणे तर त्याहूनही कच्चे. तरीही निकाल माहीत असणे आणि सकाळी नऊ वाजता रॅम्पवरची दुचाकी हलवून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सध्या आम्ही पट्टे आखून गिऱ्हाइकांसाठी एक बाजू ठेवली आहे आणि सकाळच्या वेळेपुरता एक माणूस नेमला आहे. त्याच्या पगारात गाळ्यांचा वाटा किती, हा वाद चालूच आहे.

इथे खर्चवाटपाचा मुद्दा येतो, आणि घर घेणाऱ्यांनी तो पैसे भरण्याआधी समजून घ्यावा. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल, तर आदर्श उपविधींनुसार (संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार) सेवाशुल्क आणि लिफ्टचा खर्च सर्व सभासदांत समान वाटला जातो, पाण्याचा खर्च नळांच्या प्रमाणात येतो, आणि सभासदाला मत एकच. आमची इमारत, कोल्हापुरातील अनेक इमारतींप्रमाणे, १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र (प्रत्येकाचा हिस्सा नमूद करणारा दस्त) करून नोंदवलेली आहे. या पद्धतीत सामाईक भागांतला प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा त्याच्या मिळकतीच्या किमतीच्या प्रमाणात ठरतो, आणि सामाईक खर्च व मताचे वजन दोन्ही त्या टक्केवारीने चालतात. गाळ्याचा दर सदनिकेपेक्षा पुष्कळ जास्त असल्यामुळे नऊ गाळ्यांचा हिस्सा मोठा आहे. परिणाम असा की, ‘आम्ही लिफ्ट वापरत नाही’ असे म्हणणाऱ्या गाळेमालकांना लिफ्टच्या खर्चाचा मोठा वाटा येतो, आणि त्याचबरोबर सभेत त्यांचे मतही जड पडते. दोन्ही बाजूंना आपल्यावर अन्याय झाल्यासारखे वाटते, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पाण्याचे मीटर वेगळे केल्यावर निदान नाश्ता केंद्राच्या भांड्यांवरून होणारी भांडणे थांबली. घरफाळा आणि वीज पहिल्यापासून वेगळीच होती. घोषणापत्र आम्ही सर्वांनी करारासोबत घेतले, पण त्यातील टक्केवारीचा तक्ता पहिल्या भांडणाच्या दिवशी उघडला गेला.

बिअर शॉपीचीही एक चौकशी येऊन गेली. गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील गाळ्यात असे दुकान काढायचे असेल तर संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल, असे मार्च २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केले होते. त्या घोषणेचा दिलेला दाखला आणि महिलांनी सभेत घेतलेली ठाम भूमिका एवढ्यावर विषय संपला.

आता बंद असलेल्या तीन गाळ्यांविषयी. हे गाळे रस्त्यावर नसून बाजूच्या गल्लीकडे तोंड करून आहेत, आणि इमारतीतील सर्वांत त्रासदायक भाग तोच आहे. गाळे नकोत असे म्हणणाऱ्यांनी एकदा रात्री त्या बाजूने चालून पाहावे. धुळीने माखलेली शटर, त्यांवर चिकटवलेल्या जाहिराती, पायरीवर बाटल्या, आणि कोपऱ्यात मुतारी झालेली भिंत. चालू दुकानाने जेवढा त्रास दिला नाही, तेवढा बंद दुकानाने दिला. हे गाळे रिकामे राहण्याचे कारणही उघड आहे. ते खोल आणि मोठे आहेत. तेवढे भाडे गल्लीतल्या गिऱ्हाइकीवर निघत नाही. शिंपी, चप्पल-छत्री दुरुस्ती, पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, फुलवाली यांना त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जागा पुरते, आणि आसपासच्या घरांना नेमकी त्यांचीच गरज आहे. पण मोठा गाळा गुंतवणूक म्हणून विकणे सोपे, लहान लहान अनेक गाळे विकणे कटकटीचे. शिवाय एकूण चटईक्षेत्राच्या १५ टक्क्यांच्या आत व्यावसायिक क्षेत्र असलेल्या निवासी प्रकल्पात बांधकाम सुरू असताना घेतलेल्या गाळ्यावर जीएसटी ५ टक्के लागतो आणि त्यापुढे १२ टक्के, त्यामुळे किती गाळे काढायचे याचे गणित करनियमांतून सुरू होते. ते कोणासाठी आणि केवढे, हा विचार मागे पडतो.

कोणी मला विचारले की अशा इमारतीत घर घ्यावे का, तर मी घ्यावे असेच सांगेन, पण मंजूर नकाशात गाळे आणि सदनिका यांच्यामध्ये पार्किंगचा मजला आहे का, धुराचा डक्ट गच्चीपर्यंत दाखवला आहे का, आणि गल्लीकडच्या बाजूला किती मोठे गाळे आहेत, हे पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. भट्टीचा व्यवसाय कोणत्या गाळ्यात चालेल आणि कोणत्या नाही, हे घोषणापत्रासोबतच्या उपविधींत आधीच लिहून घेणे शक्य असते. नंतर त्यासाठी जड मतांचे बहुमत जुळवावे लागते.

बंद गाळ्यांचे लहान भाग करून भाड्याने द्यावेत, असा प्रस्ताव आम्ही मालकापुढे ठेवला आहे. त्यासाठी महापालिकेकडून सुधारित परवानगी घ्यावी लागेल आणि घोषणापत्रातही दुरुस्ती करावी लागेल. मालक पुण्यात असतात. सभेला येईन असे फोनवर सांगतात आणि येत नाहीत. तूर्त त्या कोपऱ्यावर अपार्टमेंटच्या खर्चाने दोन मोठे दिवे लावले आहेत, आणि त्यांच्या वीजबिलातला गाळ्यांच्या टक्केवारीचा वाटा अजून वसूल व्हायचा आहे.