फर्न ग्रोइंग किट: डबा ठेवा, पाकीट फेका

ऑनलाइन ‘फर्न ग्रोइंग किट’ म्हणून जे विकतात ना, त्याबद्दल लिहितेय. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण तोच माल चार नावांनी मिळतो. आत येतं काय, तर कप्प्यांचा काळा ट्रे, खाली पाणी साचायला दुसरा ट्रे, वर पारदर्शक झाकण आणि त्याला हवेसाठी दोन सरकत्या खिडक्या, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या) चकत्या आणि ‘बोस्टन फर्न सीड्स’ छापलेलं एक पाकीट. पाचपैकी तीन स्टार, आणि तिन्ही झाकणाला.

आधी पाकिटाचं बोलू. अहो नेच्याला, म्हणजे फर्नला, बी नसतंच! फूल नाही, फळ नाही, बी येणार कुठून. पानांच्या मागे तपकिरी ठिपके असतात, जे बघून लोक कीड पडली म्हणून औषध मारत सुटतात, त्यात स्पोर (बीजाणू) असतात, धुळीसारखे बारीक, त्यांच्यापासून नवा नेचा येतो. किटच्या पाकिटात तर चक्क सब्जाएवढे काळे दाणे निघाले, कसले कोण जाणे. त्यात बोस्टन फर्न म्हणजे 1894 च्या सुमारास अमेरिकेत बोस्टनला गेलेल्या एका मालात वेगळा दिसला म्हणून निवडून वाढवलेला प्रकार, आणि त्याचे स्पोर वांझ असतात, म्हणजे अगदी खरे स्पोर भरून दिले असते तरी रुजले नसते.

बोस्टन फर्न वाढवायचा असेल तर नर्सरीतून एक भरगच्च कुंडी आणा, पाऊस सुरू झाला की गड्डा बाहेर काढा आणि धारदार सुरीने सरळ दोन-तीन भाग करा, प्रत्येक भागाला मुळं आणि मधला कोंब आला पाहिजे एवढंच बघायचं. कापायची भीती वाटत असेल तर कुंडीबाहेर जे बिनपानांचे दोऱ्यासारखे रनर लोंबतात, जे आपण कचरा समजून कापतो, ते शेजारच्या कुंडीतल्या ओल्या मातीवर टेकवा आणि केसांची पिन खोचून ठेवा, तिथे नवं रोप धरतं. या कामाला किटचा ट्रे अजिबात नको, कप्पे इतके उथळ की मुळं मावत नाहीत.

मग झाकणाचं एवढं कौतुक का? तर ज्यांचे स्पोर खरंच रुजतात त्या नेच्यांसाठी. जुन्या वाड्यांच्या भिंतीत, ड्रेनेज पाइपच्या सांध्यात लांब पानांचा जो नेचा आपोआप उगवतो ना (टेरिस, याच्यातली एक जात जमिनीतलं आर्सेनिक शोषून घेते हे 2001 मध्ये कळलं), त्याचं ठिपके पिकलेलं एक पान कागदात गुंडाळून ठेवलं की दोन-तीन दिवसांत तपकिरी पावडर पडते. ती ओल्या कोकोपीटवर भुरभुरायची, वर माती टाकायची नाही, झाकण बंद. आधी कोकोपीटवर उकळतं पाणी घालून गार होऊ द्या, नाहीतर शेवाळ आणि बुरशी जिंकते, पण ते वेगळ्या पातेल्यात करा कारण ट्रेचं प्लास्टिक इतकं पातळ आहे की गरम पाण्याने वाकडं होतं. स्पोरपासून थेट नेचा येत नाही, आधी हिरवी चपटी पापुद्र्यासारखी पानं येतात, नखापेक्षाही लहान, आणि त्यांच्यावर पाण्याचा थर असेल तरच नरपेशी पोहत मादीपेशीपर्यंत जाते. झाकण हवं ते यासाठी! पुण्यात एप्रिलच्या दुपारी उघड्यावर हा थर टिकणं शक्यच नाही. हिरवट थर दिसायला कित्येक आठवडे आणि खरी पानं यायला काही महिने लागतात, तोवर वाट बघायची. उन्हात मात्र ठेवू नका, बंद डबा तापून आतलं सगळं शिजतं.

ही आयडिया काही किटवाल्यांची नाही. 1829 साली लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने पतंगाचा कोष बघायला बाटली बंद करून ठेवली होती, त्यात नेचा उगवला, त्यावरून काचेच्या पेट्या निघाल्या आणि पुढे त्याच पेट्यांतून चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आली.

हंसराज नावाचा नेचा लावणाऱ्यांनी तर झाकण घेतलंच पाहिजे असं मी म्हणेन. आपल्याकडे पावसाळ्यात बांधावर दिसतो त्या हंसराजाच्या पानाचं टोक लांबत जातं आणि जमिनीला टेकलं की तिथेच रोप होतं, ते टोक ट्रेच्या कप्प्यात दाबून झाकण लावलं की कामच झालं. बर्ड्स नेस्ट नावाच्या नेच्याला मात्र यातलं काही लागू नाही, मधला कोंब एकच, त्याचे तुकडे करू नका.

बाकी कोकोपीटच्या चकत्या ठीक, पण एकदा धुऊन घ्या, क्षार असतात. बोअरच्या पाण्याने टोकं करपतात, एसीतून गळणारं पाणी चालतं, आरओचं वाया जाणारं पाणी मुळीच नको, त्यात तर क्षार अजून जास्त.

किंमत या मालाला जास्तच वाटते. पार्सलचा पारदर्शक डबा धुऊन घेतला तरी स्पोरला चालतो, फक्त उंची कमी पडते आणि खिडक्या नसल्याने रोज थोडा उघडावा लागतो. विकणाऱ्याला मेसेज करून विचारलं की बियांशिवाय नुसता ट्रे आणि झाकण द्याल का, तर उत्तर आलं, मॅडम सीड्स फ्री आहेत.