इव्हेंटवाल्याने करार मोडला: ग्राहक आयोग, दिवाणी न्यायालय की लोकअदालत?

कोल्हापुरात लग्नाच्या मंडपापासून तांबड्या-पांढऱ्या रश्श्यापर्यंत सगळे काम एकाच इव्हेंटवाल्यावर सोपवून साडेतीन लाख मोजले आणि ठरल्यापैकी निम्मे कामही झाले नाही, तर दाद कोठे मागावी हे ठरवताना निकाल विरुद्ध गेल्यास पुढे कोणती वाट उरते, हेही तेव्हाच पाहावे.

घरगुती समारंभासाठी मी जिल्हा ग्राहक आयोगच सुचवेन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि इव्हेंटवाला पुण्याचा असला तरी तक्रारदार कोल्हापुरात राहत असल्यास तक्रार येथेच करता येते. मुदत मात्र 2 वर्षांची आहे. जिल्हा आयोगाच्या आदेशावर 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होते. रक्कम देण्याचा आदेश ज्याच्यावर झाला, त्याला अपिलासाठी आधी त्यातील 50 टक्के भरावे लागतात, त्यामुळे निव्वळ वेळ काढण्यासाठी अपील करणे इव्हेंटवाल्याला महागात पडते. आदेशात बेरजेसारखी उघड चूक असेल, तर 30 दिवसांत त्याच आयोगाकडे पुनर्विलोकनाचा अर्ज करणे पुरते.

दुकानाच्या किंवा कंपनीच्या जाहिरातीसाठी कार्यक्रम ठेवला असेल, तर 'व्यापारी हेतू'चा, म्हणजे सेवा धंद्यासाठी घेतल्याने तुम्ही कायद्याने ग्राहकच नाही असा, आक्षेप हमखास येतो. अशा वेळी, किंवा 2 वर्षे उलटून गेली असतील तर, दिवाणी दावा बरा, कारण त्याला साधारणपणे 3 वर्षांची मुदत मिळते. येथे दाव्याच्या रकमेनुसार न्यायालय शुल्क भरावे लागते. कनिष्ठ स्तर (सर्वांत खालच्या) दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर, म्हणजे निकालाच्या आदेशावर, 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते. दुसरे अपील केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर उच्च न्यायालयात चालते, आणि पैशांचा दावा 25,000 रुपयांपर्यंतचा असल्यास तेही नाही. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे खंडपीठ) 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच बसते, त्यामुळे मुंबईची खेप वाचली.

लोकअदालतीत शुल्क नाही आणि तडजोड झटपट होते, पण तिच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून हप्त्यांच्या तारखा लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.

अपिलात नवा पुरावा सहसा घेतला जात नाही. त्यामुळे कोटेशन, इसाराची पावती, कार्यक्रमाच्या दिवसाचे फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील बोलणे पहिल्याच तारखेपूर्वी दाखल करावे. दिवाणी न्यायालयात अशा संदेशांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रही लागते.