पॅकिंगला पाच स्टार, सल्ल्याला एक (ऑस्ट्रेलियाला सामान नेणाऱ्यांनी पूर्ण वाचा)

द्राक्षबागेची एप्रिलची खरड छाटणी उरकली आणि मे मध्ये आम्ही दोघं लेकीच्या बाळंतपणासाठी मेलबर्नला गेलो, जायच्या आधी या दुकानातून अकरा-बारा किलोचं फॉरेन पॅकिंग करून घेतलं होतं, त्याबद्दल लिहितेय. थोडं लांबलंय पण जाणाऱ्यांनी वाचाच.

आधी चांगलं सांगते. पॅकिंग खरंच एक नंबर. चिवडा, शेव, काळा मसाला सगळं मशीनवर सील, आत घटक आणि तारखेचं छापील लेबल, वरून दुसरी जाड पिशवी. बॅग मुंबईत एकदा आणि मधल्या एअरपोर्टला एकदा आपटली असणारच, तरी मसाल्याचा एक कण बाहेर नाही. चिवड्याचे पोहे तिकडे पोचल्यावर पण कुरकुरीत होते, जावईबापूंनी दोन दिवसांत अर्धा किलो संपवला. भाव गावातल्या इतर दुकानांपेक्षा थोडा जास्त आहे पण चालतं. गाडी लावायला जागा नाही, इंदिरानगरहून आम्ही रिक्षानेच आलो.

आता सल्ला. काउंटरवरच्या दादांना मी स्पष्ट विचारलं होतं की ऑस्ट्रेलियाला काय चालतं काय नाही. ते म्हणाले, "ताई बिनधास्त न्या, आठवड्याला कोणी ना कोणी नेतं." मग त्यांनी तूरडाळ दोन किलो, अख्खे धणे, जिरं, बडीशेप, सुक्या लाल मिरच्या आणि वर पेढ्यांचा एक बॉक्स, सगळं व्हॅक्यूम करून दिलं. आणि जाता जाता म्हणाले की विमानात सामानात काय आहे ते सांगायचं कार्ड देतात त्यावर खाण्याचं काही लिहू नका, व्हॅक्यूममधून एअरपोर्टवरच्या तपासणीच्या कुत्र्याला वास येत नाही. ही शेवटची गोष्ट मला फार लागली, कारण आपण विश्वासाने विचारतो आणि समोरचा आपल्याला खोटं सही करायला सांगतो, आणि निस्तरायचं मात्र आपल्याला.

लेकीने फोनवर आधीच बजावून ठेवलं होतं की आई सगळ्याला हो वर टिक कर. त्या कार्डावर दूध, मांस, फळं, धान्य, बिया, लाकडाच्या वस्तू, माती लागलेले बूट असं एकेक विचारलेलं असतं, आणि एक प्रश्न असाही असतो की मागच्या ३० दिवसांत शेतावर गेला होतात का. हे म्हणाले आपलं तर सगळं आयुष्य शेतावर गेलं, मारा टिक.

तिथे उतरल्यावर टिक केलेल्यांना वेगळ्या रांगेत घेतात. टेबलावर एक तरुण ऑफिसर मुलगी होती, हातमोजे घालून तिने एकेक पाकीट काढलं, आवाज चढवणं नाही, संशयाने बघणं नाही. चिवडा, शेव, काळा मसाला यांची लेबलं वाचली आणि लगेच परत दिले. मग तूरडाळ हातात घेऊन पाकीट उजेडाकडे धरून कोपऱ्यातले दाणे बोटाने सरकवत बघत राहिली आणि म्हणाली, खापरा. इंग्रजी बोलता बोलता तिच्या तोंडून आपला शब्द आला! खापरा भुंगेरा, कोठीतल्या गव्हाला लागतो तोच, त्याला तिकडे पण खापराच म्हणतात. त्याची अळी खायला काही नसलं तरी महिनोन्महिने फटीत जिवंत राहते, धुरीलाही सहज दाद देत नाही, आणि ऑस्ट्रेलियात तो स्थिरावलेला नाही म्हणून २०२० पासून त्यांनी प्रवाशांच्या सामानातून डाळी, तांदूळ, हरभरे, कच्चे शेंगदाणे, धणे, जिरं, बडीशेप, सुक्या मिरच्या असं सगळं बंद केलंय. व्हॅक्यूम असो नसो. कारखान्यात तळलेलं, भाजलेलं पॅकबंद असेल ते चालतं, म्हणून चिवडा सुटला. पेढे दुधाचे म्हणून काढून घेतले, कारण आपल्याकडे गुरांना लाळ्या खुरकूत हा रोग आहे आणि त्यांच्याकडे नाही. बर्फी, गुलाबजाम, रसगुल्ले यांचं पण तेच, दिवाळीला नेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

एवढं सगळं काढून घेतलं पण दंड शून्य. कारण आम्ही आधीच सांगितलं होतं. लपवलं आणि सापडलं तर ६,६०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणजे साडेतीन लाखांच्या वर, आणि व्हिसा पण रद्द करू शकतात. २०१९ मध्ये सिडनीला एका बाईंनी डुकराचं मांस वगैरे सांगितलं नाही म्हणून त्यांना तिथूनच परत पाठवलं होतं. माझ्या टेबलावर दीड-दोन हजाराचा माल गेला, त्यात विषय संपला.

यांचे बूट मात्र तिने उलटे करून बघितले. घरी मी ब्रशने घासले होते तरी टाचेच्या खाचेत दिंडोरीकडची काळी माती सुकून बसली होती, तिने ते आत नेले, धुऊन पुसून आणून दिले, पैसे नाही. विचारलं कसली शेती, हे म्हणाले द्राक्ष, तर म्हणाली आमच्याकडे पण आहेत. ह्यांना एकदम पटलं सगळं. आमच्या एका प्लॉटला बाहेरून आणलेल्या काडीबरोबर मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण आला होता, सहा वर्षं झाली अजून दर सीझनला घडांत शिरतो, फवारून फवारून कंबर मोडली. एक भुंगेरा अख्ख्या देशाच्या गव्हात शिरला तर काय होईल हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. आणि हे नियम फक्त आपल्याला त्रास द्यायला नाहीत, २००७ साली अमेरिकेला हापूस जायला लागला तो आपल्या लासलगावच्या केंद्रात विकिरण म्हणजे किरणांचा मारा करूनच गेला, कोयीतला भुंगा तिकडे जाऊ नये म्हणून. २०१४ मध्ये फळमाशी सापडली तेव्हा युरोपने हापूस थांबवलाच होता ना. त्यामुळे चेकिंगबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पाऊण तास गेला पण माणसासारखं वागवलं. हळीव, डिंक, डाळ सगळं तिकडच्या इंडियन दुकानात मिळालं, लाडू तिथेच वळले.

दुकानवाल्यांना विनंती, काउंटरवर एक बोर्ड लावा, कोणत्या देशाला डाळ-बिया-दुधाचं चालत नाही ते लिहा, आणि कार्डावर लिहू नका हे सांगणं आजपासून बंद करा. तुमचा माल चांगला आहे, त्याला लपवायची गरजच नाही. दिवाळीला पुतण्या सिडनीला जातोय, चिवडा आणि काळा मसाला तुमच्याकडूनच घेणार आहे, पेढे तो निघायच्या आदल्या दिवशी घरीच खाऊ घालीन.